काचेच्या सरकत्या दाराला पडदा कोणता? सोलापूरच्या उन्हाचा हिशेब

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे: "नवीन घरात हॉलमधून टेरेसवर उघडणारं ८ फूट रुंद, ७ फूट उंच काचेचं स्लायडिंग दार आहे. तोंड पश्चिमेला. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर हॉलमध्ये बसवत नाही. झेब्रा ब्लाइंड लावावं, व्हर्टिकल लावावं की जाड ब्लॅकआउट पडदा? घरात सासूबाई आहेत, तीन वर्षांचा मुलगा आहे. आणि पाणी रोज येत नाही, त्यामुळे सारखं धुवायला लागेल असं काही नको."

ताई, तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात आधी दिसली ती दिशा. झेब्रा (जाड कापड आणि जाळी यांच्या आडव्या पट्ट्यांचं, वर गुंडाळलं जाणारं) की व्हर्टिकल (उभ्या पट्ट्यांचं, बाजूला सरकणारं) हे नंतर बघू. पश्चिमेच्या काचेवर आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन कसं येतं हे एकदा नीट समजलं की अर्धे पर्याय आपोआप गळून पडतात. पडदे आणि ब्लाइंड बसवण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे, आणि पश्चिमेच्या एवढ्या मोठ्या काचेला फक्त आतून काहीतरी लावून हॉल गार झाला, असं घर सोलापुरात माझ्या पाहण्यात नाही.

असं का होतं ते सांगतो. ऊन काचेतून सहज आत येतं. आत आल्यावर ते पडद्यावर पडतं, पडदा तापतो, आणि तापलेल्या पडद्याची धग मात्र काचेतून तशी बाहेर जात नाही, ती खोलीतच फिरत राहते. म्हणजे पडद्याने डोळ्यांवरची तिरीप थांबवली, सोफ्याचं कापड वाचवलं, पण उष्णता घरात येऊन बसलीच. पडद्याची काचेकडची बाजू पांढरी असेल तर थोडं ऊन परत बाहेर फेकलं जातं, म्हणून पांढऱ्या अस्तराचा आग्रह धरायचा. तरीही खरा फरक पडतो तो ऊन काचेवर पडण्याआधीच अडवलं तर. बाहेर लावलेली साधी शेडनेट आतल्या महागड्या ब्लॅकआउटपेक्षा, म्हणजे उजेड पूर्ण अडवणाऱ्या पडद्यापेक्षा, जास्त काम करते. नेटही तापते, पण ती टेरेसवर तापते आणि वारा तिची धग घेऊन जातो.

"वर छज्जा आहे की," असं बरेच जण म्हणतात. पश्चिमेला छज्ज्याचा उपयोग किती, ते मोजून बघा. मेच्या मध्यावर संध्याकाळी पाच वाजता सोलापुरात सूर्य क्षितिजापासून साधारण २५ अंशांवर असतो, आणि असतो जवळजवळ दाराच्या समोरच. दाराच्या चौकटीलगत २ फुटी छज्जा असला तरी त्या वेळी त्याची सावली काचेच्या वरच्या जेमतेम फूटभर भागावर पडते. खालची ६ फूट काच उघडी. साडेपाच-सहाला तर छज्जा असून नसल्यासारखा. आणि आपल्याकडे मे महिन्यात सूर्य मावळायला पावणेसात-सात वाजतात, म्हणजे तीनपासून जवळजवळ चार तास हे ऊन तुमच्या हॉलमध्ये सरळ घुसतं.

दक्षिणेच्या दाराची गोष्ट अगदी वेगळी आहे, आणि इथे लोक नेमकं उलट समजतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य सोलापूरच्या बरोबर माथ्यावर येतो. तेव्हापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या काचेवर ऐन उन्हाळ्यात थेट ऊन फारसं पडतच नाही, छोटा छज्जाही पुरतो. तिथे ऊन येतं ते डिसेंबर-जानेवारीत, आणि त्या दिवसांत ते हवंसंच असतं. पूर्वेला सकाळचे तीन-चार तास. उत्तरेला साधा झिरझिरीत पडदा पुरे. कुणी दक्षिणेच्या दाराला जाड ब्लॅकआउट शिवून मागितला तर मी आधी विचारतो की तो उन्हासाठी हवाय की समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं म्हणून.

तर तुमचं पहिलं काम बाहेरचं. टेरेस तुमचीच आहे, त्यामुळे हात मोकळा आहे.

सगळ्यात स्वस्त आणि लगेच होण्यासारखी म्हणजे शेडनेट. शेतीच्या दुकानात मिळते तीच. आपल्या जिल्ह्यात डाळिंबाच्या फळाला उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून बागेवर आच्छादन टाकतात, त्यात जे तत्त्व आहे तेच इथे. ५० टक्के, ७५ टक्के, ९० टक्के ऊन अडवणारी अशा प्रकारांत येते. पश्चिमेला ७५ टक्केवाली घ्या. ९० टक्केने हॉल अंधारतो आणि वाराही अडतो. नेट काचेला चिकटवून लावू नका, निदान फूटभर पुढे, मधून हवा खेळेल अशी. कडेला दुमडून पट्टी शिवून घ्यायची आणि धातूच्या रिंगा मारून घ्यायच्या, नुसत्या भोकात दोरी ओवली की पहिल्याच वाऱ्यात नेट फाटते.

बांबूचे चिक, म्हणजे काड्यांचे गुंडाळते पडदे, दिसायला नेटपेक्षा कितीतरी चांगले, आणि मला स्वतःला पश्चिमेच्या दारासाठी तेच सगळ्यात आवडतात. दुपारी सोडायचे, सूर्य मावळला की गुंडाळायचे, टेरेस पुन्हा मोकळी. काड्यांच्या फटींतून थोडा उजेड आणि वारा येतो. ८ फुटांचा एकच चिक करू नका. जड होतो, मधे झोळ येतो, ओढताना तिरपा गुंडाळला जातो. ४-४ फुटांचे दोन करा. एक मात्र नक्की करून घ्या: खालच्या दांडीला दोन्ही टोकांना हुक आणि फरशीत किंवा कठड्यात त्यासाठी कड्या. मे महिन्यात संध्याकाळी वळीव कसा येतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मोकळा सोडलेला चिक तेव्हा काचेवर आपटत राहतो. बांबूला घेताना वाळवीचं औषध आणि वर्षाआड वॉर्निशचा हात दिला तर तो टिकतो, नाहीतर पावसाळ्यानंतर काळा पडतो आणि काड्या मोडू लागतात.

वाळ्याच्या पडद्याबद्दलही पुष्कळजण विचारतात. आपली एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की ओल्या वाळ्यातून येणारा वारा खरोखर गार लागतो, आणि वास तर विचारूच नका. पण तो सारखा ओला ठेवावा लागतो. जिथे पाणी रोज येत नाही तिथे रोज बादल्या ओतायच्या, हे मी सुचवणार नाही. शिवाय वाळा ओला-कोरडा होत राहिला की त्याला बुरशीचा वास येतो आणि दर उन्हाळ्याला नवा घ्यावा लागतो. हौस असेल तर एखाद्या छोट्या खिडकीला लावा.

कापडी सरकता शेड, म्हणजे हँडल फिरवून पुढे येतो तो, टेरेसवर बसायला छान, पण पश्चिमेचं खालून येणारं ऊन त्याच्याखालून आत शिरतं. छज्ज्याची जी अडचण तीच त्याची. दोन्ही बाजूंना खाचेत बसून सरळ खाली उतरणारा बाहेरचा स्क्रीन त्याहून कितीतरी बरा. खर्च मात्र बराच आहे.

आता आतलं. दरवाजाला काही लावताना मी एकच गोष्ट आधी बघतो: तुम्ही दिवसातून कितीदा त्या दारातून जाता? कपडे वाळत घालायला, कुंड्यांना पाणी घालायला, पापड-कुरडया वाळवायला, मुलाच्या मागे धावायला. खिडकीला वर-खाली होणारं काहीही चालतं, कारण खिडकीतून कुणी जात नाही. दाराला मात्र बाजूला सरकणारंच हवं.

म्हणून झेब्रा ब्लाइंड तुमच्या दारासाठी मी बाद करतो. दिसायला सुंदर आहे, पण टेरेसवर पाऊल टाकायचं म्हटलं की अख्खं ब्लाइंड साखळीने वर न्यायचं. दोन दिवसांत घरातले अर्धं वर ठेवून वाकून जायला लागतात, सासूबाईंना तर ते जमणारच नाही. ८ फूट रुंदीचं एकच केलं तर नळी मधे वाकते आणि पट्टे जुळेनासे होतात. आणि त्या पट्ट्यांच्या मधली जाळी संध्याकाळचं तिरपं ऊन बिनदिक्कत आत सोडते.

व्हर्टिकल ब्लाइंड बाजूला सरकतं, त्यामुळे दाराला ते मुळात योग्य. ऑफिसात, बंद एसीच्या खोलीत उत्तम चालतं. पण आपल्याकडे लोक सूर्य मावळल्यावर दार सताड उघडतात, वारा घ्यायला. त्या वाऱ्यात पट्ट्या एकमेकींवर आपटतात, खालची बारीक साखळी तुटते, आणि तीन वर्षांचा मुलगा घरात असेल तर दोन-चार पट्ट्या हुकातून निघाल्याच म्हणून समजा.

टेरेस नसलेल्या, सोसायटीने बाहेर काही लावू न दिलेल्या फ्लॅटसाठी मी सनस्क्रीनचं रोलर ब्लाइंड सुचवतो. त्याचं कापड बारीक जाळीचं असतं, आणि जाळी किती टक्के उघडी हे त्यावर सांगितलेलं असतं: १, ३, ५, १०. पश्चिमेला ३ टक्क्यांच्या वर जाऊ नका. दिवसा त्यातून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. रात्री दिवा लागला की नेमकं उलटं होतं, म्हणून त्यावर साधा पडदा लागतोच. दाराच्या दोन पल्ल्यांना दोन वेगळी ब्लाइंड करायची, म्हणजे जायच्या बाजूचंच वर न्यावं लागतं.

तुमच्याकडे मात्र बाहेर चिक लागला की आतल्या पडद्यावरचं ओझं एकदम कमी होतं. मग जाड ब्लॅकआउटची गरजच उरत नाही. दोन थर करा: काचेकडे झिरझिरीत, खोलीकडे मध्यम वजनाचा पडदा आणि त्याला पांढरं सुटं अस्तर. सुटं म्हणजे पडद्याला शिवून न टाकता वरच्या पट्टीला हुकाने अडकवलेलं. याचं कारण तुमचं पाणी. धूळ बसते ती काचेकडच्या थरावर. झिरझिरीत पडदा अर्ध्या बादलीत निघतो, तासाभरात वाळतो, इस्त्री नाही. खोलीकडचा मोठा पडदा टेरेसवर नेऊन झटकला, महिन्यातून एकदा ब्रश फिरवला, तर वर्षातून एकदा-दोनदा धुतला तरी पुरतो. अस्तर शिवलेला जाड पडदा पाणी पितो, पिळता येत नाही आणि त्यातला साबण निघता निघत नाही.

ब्लॅकआउट घ्यायचाच ठरला, समजा बेडरूमला, तर मागे लेप दिलेलं कापड घेऊ नका. पश्चिमेच्या काचेमागे दोन-तीन उन्हाळ्यांत तो लेप चिकट होतो, घड्यांवर तडकतो आणि धुताना पापुद्रे निघतात. विणीतच काळा धागा घातलेलं ब्लॅकआउट मिळतं, ते घ्या. ओळखायचं कसं? कापड उलटं करून नखाने खरवडा. लेप असेल तर नखाला रबरासारखं लागतं, विणीचं असेल तर दोन्ही बाजूंना कापडच लागतं. मग मोबाइलचा टॉर्च मागे धरा. विणीच्या कापडातून अगदी बारीक ठिपके दिसतील, त्याने झोपेला काही होत नाही.

कापड बघायला चाटी गल्लीत जा किंवा नवी पेठेत, पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. दुकानदाराला सांगून हातभर तुकडा दारात उन्हात धरा. सुती कापड दिसायला आणि स्पर्शाला छान, पण सतत उन्हात राहिलं की सुताचा जीव जातो, घडीच्या कडेला ते विरतं. काचेजवळच्या थरासाठी पॉलिस्टर बरं. खोलीकडच्या पडद्याला सुती हौसेने घ्या, अस्तर त्याला वाचवतं. गडद मरून, जांभळा, निळा हे रंग पश्चिमेला लवकर उडतात, आणि उडतात तेही सारखे नाही: उन्हाकडे आलेल्या चुणीवर फिका पट्टा, आत दबलेल्या भागात मूळ रंग. मातकट, राखाडी, गव्हाळ असे मळखाऊ रंग घ्या, धूळही दिसत नाही. ओला पांढरा रुमाल घासून रंग लागतो का ते जरूर बघा, पण त्यातून धुण्यात रंग जाईल का एवढंच कळतं. उन्हात टिकेल का, ते त्यातून कळत नाही.

आपल्या गावची जेकार्ड चादर पडदा म्हणून लावायची कल्पना पुष्कळांना येते, आणि मला त्याचं कौतुकच आहे. घरात सोलापूरचा माग दिसावा असं वाटणं साहजिक आहे. पण चादर पांघरायला विणलेली असते. ती जड असते, तिला चुण्या पडत नाहीत, सपाट लोंबते आणि वरच्या रिंगांवर सगळा भार येतो. पश्चिमेच्या दाराला नको. हॉलच्या आतल्या भिंतीवर, किंवा दोन खोल्यांमधल्या मोकळ्या दाराला आडोसा म्हणून ती फार सुंदर दिसते.

मापाचा हिशेब. दार ८ फूट, पण रॉड १० फूट, दोन्ही बाजूंना फूटभर जास्त. म्हणजे उघडलेला पडदा भिंतीवर गोळा होतो, काच अडवत नाही. १० फूट म्हणजे १२० इंच, चुण्यांसाठी दुप्पट, २४० इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ५४ इंच असेल तर पाच पन्हे लागतात. ४८ इंचाचाही पाचातच बसतो, चुणी जरा कमी पडते. दोन पडद्यांना अडीच-अडीच पन्हे येतात, तो अर्धा पन्हा भिंतीकडच्या कडेला जोडायला सांगा, मधोमध आला की शिवण डोळ्यांत भरते. उंची: दाराच्या ६ इंच वर रॉड धरला तर ९० इंच, वरची-खालची दुमड धरून १०२, म्हणजे २.६ मीटर. पाच पन्ह्यांचे १३ मीटर. मोठी नक्षी असेल तर जुळवणीसाठी आणखी लागतं. सुती असेल तर शिवण्याआधी कापड एकदा भिजवून वाळवायचंच. ते १०० इंचाला ३ ते ५ इंच आटतं, आणि शिवल्यानंतर आटलं तर पडदा घोट्याच्या वर येतो. खाली फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा. जमिनीवर लोळणारे पडदे फोटोत छान दिसतात, पण टेरेसच्या धुळीत ते झाडूचं काम करतात आणि सासूबाईंचा पाय अडकायचा.

१० फुटी रॉडला मधे तिसरा ब्रॅकेट लागतो, आणि रिंगांचा पडदा त्या ब्रॅकेटच्या पलीकडे सरकत नाही. मधून उघडणारे दोन पडदे असतील तर अडचण नाही. सगळा पडदा एकाच बाजूला न्यायचा असेल तर छताचा ट्रॅक लावा. फॉल्स सीलिंग असेल तर ट्रॅक येणार त्या रेषेत वरून प्लायची पट्टी टाकून घ्यायला सुताराला आधीच सांगा. नुसत्या जिप्समच्या पत्र्यात मारलेला स्क्रू पहिल्या जोरदार ओढण्याला बाहेर येतो. दाराचं हँडल खोलीत किती पुढे येतं तेही मोजा आणि काचेकडचा थर त्याच्या पुढे निदान दोन इंच ठेवा, नाहीतर दर वेळी दार सरकवताना कापड त्यात अडकेल. दाराला डासांच्या जाळीचा तिसरा पल्ला बसवणार असाल तर ही मापं तो बसल्यावरच घ्या, त्याआधी नाही.

काच टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेली, आहे का ते एकदा बघून घ्या, कोपऱ्यात बारीक शिक्का असतो. जमिनीपर्यंतच्या दाराला ती असायलाच हवी. साधी काच असेल तर गडद पडदा काचेला लागून ठेवू नका, आणि ऊन शोषणारी गडद फिल्मही चिकटवू नका. मधला भाग तापतो, चौकटीतली कड गारच राहते, आणि त्या ताणाने काच आपसूक तडकते. पडदा आणि काच यांच्यात तीन-चार इंच, आणि वर हवा जायला फट, एवढं पुरे. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर काचेवर दोन-चार स्टिकर लावा, स्वच्छ काच त्याला दिसत नाही.

आणि दोरी. चिकाची असो, रोलरची साखळी असो, तीन वर्षांच्या मुलाच्या गळ्यात फास बसायला क्षणभर पुरतो, आणि आवाजही होत नाही. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल. चिकाची दोरी दाराच्या चौकटीवर पाच फुटांच्या वर खुंटीला गुंडाळायची, खाली लोंबती ठेवायची नाही. साखळी असेल तर ती खाली ताणून भिंतीला क्लिपने पक्की करायची. त्या दाराजवळ स्टूल, सोफा, खेळण्यांची पेटी ठेवू नका. पडद्याला दोरीच नको, हाताने धरून सरकवायची लांब काठी लावून घ्या, ती सासूबाईंनाही सोपी जाते.

खर्च एकदम झेपत नसेल तर या उन्हाळ्यात नेट आणि झिरझिरीत पडदा, एवढंच करा. दिवाळीच्या आसपास चिक आणि मोठा पडदा. नेट बांधल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेचारला आतून काचेला हाताची मागची बाजू लावून बघा, आणि शेजारची नेट न लावलेली काच असेल तर तिलाही. उरलेल्या पैशांत कोणता पडदा घ्यायचा ते त्यानंतर ठरवा.